दीड हात भिंतीची जागा

परवा सकाळी नाथाजी हद्दीच्या दगडापाशी उकिडवे बसून काय करत होते, हे अंजनाच्या मनातून जाता जाईना. ती खिडकीत दिसताच ते उठले आणि हात झटकत घरात गेले. उद्या मोजणीदार येणार, आणि नेमकं आताच शेजाऱ्याला तिथली माती उकरायची काय गरज पडावी?

सदुसष्टच्या भूकंपात पाटणमधल्या या दोन घरांची सामाईक भिंत पडली. ती मातीची, दीड हात जाड. पुढे नाथाजींनी ती जागा सोडून आपल्या बाजूला नऊ इंची विटांची भिंत घातली आणि मधे दीड हाताची पट्टी उरली. पंचांनी पट्टीच्या मध्यावर दगड रोवला. आता सहा वर्षांनी अंजनाला तिथे खोली काढायची होती. लेक कॉलेजात जायला लागली होती. तिला दार लावून अभ्यास करता येईल अशी जागा घरात नव्हती. वीतभर जागा गेली तरी खाट आडवी बसणार नव्हती.

नाथाजी अठरा वर्षं पलटणीत होते. लसूणसुद्धा दोरी धरून लावायचे. गावात कुणाची मोजणी निघाली की साखळीचं एक टोक त्यांच्या हातात देत. सख्ख्या भावाने बांध कोरला, तेव्हा त्यांनी भावाविरुद्ध साक्ष दिली होती. तेव्हापासून भावाच्या घरी त्यांचं ताट बंद झालं; बायको गेल्यावरही स्वतःची भाकरी ते स्वतःच थापत. लोक हे कौतुकाने सांगत. अंजनाला मात्र वाटे, भावाला न सोडणारा माणूस शेजाऱ्याला काय सोडणार?

दुपारी धुणं वाळत घालायच्या निमित्ताने ती दगडापाशी गेली. माती सैल दिसत होती. नाथाजी ओट्यावर तंबाखू मळत होते.

“भावजी, परवा इथं काय शोधत होता?”

“कोळसा.”

“कोळसा?”

“आवं वैनी, शिकल्याल्या तुमी. हद्दीचा दगड रोवताना खाली कोळसा घालत्यात. दगड हलीवता येतो, कोळसा कुजत न्हाई. पंचांनी पाटीभर घातला, तवा मी हितंच हुतो.”

“मग सापडला?”

“सापडला.”

“कुठं?”

“तुमीच बगा. मी दावला तर म्हनशीला, नाथाजीनंच पुरला.”

तिच्या मनात नेमकं तेच आलं होतं. ती चिडून खुरपं घेऊन बसली. दगडाखाली नुसती माती. मग तिने नाथाजींच्या बाजूला त्यांच्या भिंतीपर्यंत खणलं. तिथेही काही नाही. शेवटी आपल्या अंगणाकडे वळली, आणि वीतभर अंतरावर काळं लागलं. कोळसा घट्ट बसला होता, त्यातून हरळीची मुळं गेली होती. दोन दिवसांत पुरलेल्या कोळशात मुळं शिरत नाहीत.

म्हणजे दगड नाथाजींच्या जागेत सरकला होता.

दिवाळीत ती वाईला माहेरी गेली होती. परतली तेव्हा दाराशी पहार पडलेली होती. सांगलीला हळदीच्या पेढीवर नोकरी करणारा तिचा नवरा, लालासाहेब, तेव्हा घरीच होता. “दगड कलंडला होता, सरळ केला,” तो म्हणाला होता. तिने पुढे विचारलं नव्हतं.

“उद्या मोजणीदारापुढं काय सांगणार तुम्ही?”

“हाय त्ये. भावाला सोडलं न्हाई, लालासाहेबाला कसं सोडू? पर त्याच्याच तोंडनं आलं तर बरं. घरात तरणी पोर हाय. चारचौघांत तिच्या बापाचं नाव निघाया नगं.”

ही माया की धमकी? तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. नाथाजी तंबाखूच्या पिशवीला गाठ मारत होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. दोन दिवसांपूर्वीच कळूनही हा माणूस गप्प का बसला?

ते काहीही असो, लालासाहेब सकाळच्या गाडीने येऊन थेट दगडापाशी उभा राहणार होता, आणि विचारलं की दगड मूळच्याच जागी आहे म्हणून सांगणार होता. खोली अरुंद झाली तर खाट उभी टाकता येईल.

खड्डा तिने उघडाच ठेवला. मातीचे हात धुतले, दाराला कडी घातली आणि ती पोस्टाकडे निघाली. पेढीवर ट्रंक कॉल लावायचा. खोलीचं नंतर बोलायचं, आधी पहारीचं विचारायचं.