पत्रेकाकांचं ‘नाही’

गावात पत्र्याची दुकानं दोन, पण पत्रेकाका एकच. ट्रंका, नरसाळी, पन्हाळी, गळक्या बादल्यांची बुडं, सगळं ते चाळीस वर्षं ठोकून काढत आले होते. दुकानात शिरलेल्या माणसाने आधी हात हलवायचा आणि मग बोलायचं, हे गावाला पाठ होतं. नवखं कुणी दारातूनच म्हणालं, “काका, नरसाळं आहे का हो?” तर आतून उत्तर यायचं, “मंगळवारी या!” “काका, घरात आग लागलीय!” म्हटलं असतं तरी मंगळवारच मिळाला असता. लोक हसायचे. हातोडीच्या गोंगाटात माणसाला ऐकू कसं येणार, असं म्हणायचे. हातोडी थांबल्यावर तरी येतं का, हे कुणीच विचारलं नाही. काकांनीसुद्धा नाही.

त्यांना दुसरा नाद होता पक्ष्यांचा, आणि त्या नादाला जोडीदार होता समोरचा सलूनवाला. हा गडी दुकानात कात्रीच्याही पुढे बोलायचा. “बसा शेठ, मान खाली, आणखी खाली, हां, तर काय झालं...” असं सुरू झालं की दाढी संपली तरी गोष्ट संपायची नाही. पण रविवारी पहाटे कालव्याकाठच्या गवतात बसला, की मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प. मध्येच एक बोट वर करायचा. बोट जिकडे, तिकडे काका दुर्बीण फिरवायचे, पक्षी हुडकायचे आणि वहीत लिहायचे. बावीस वर्षं असंच चाललं. ऐकायचं एकाने, बघायचं दुसऱ्याने. अशी वाटणी कधी ठरली, दोघांच्याही ध्यानात नव्हतं. बावीस वर्षांत वहीत न बघितलेला एकही पक्षी शिरला नाही. गाव म्हणायचं, “पत्रेकाकांनी लिहिलं म्हणजे आहेच.”

त्या हिवाळ्यात सलूनवाला गेला. चार दिवसांचा ताप आणि खेळ खलास.

थंडी ओसरली, पहाटे तोंडातून निघणारी वाफ बंद झाली, तशी वटवट्याची वेळ आली. वटवट्या म्हणजे अंगठ्याएवढा मातकट पक्षी. साऱ्या तालुक्यात तो एवढ्या एकाच गवतात घरटं करायचा, आणि दिसण्याआधी ऐकू यायचा. त्याच आठवड्यात नगरपालिकेचे ओव्हरसियर दुकानात आले. आधी हात हलवला, मग बोलले.

“काका, गवताची जागा बाजाराच्या शेडला द्यायचीय. वरून फॉर्म आलाय. पक्षी घरटं करतो का, हो की नाही? हो असेल तर पिल्लं उडेपर्यंत आपण हात लावत नाही. नसेल तर ट्रॅक्टर घालतो. तुमचा शब्द म्हणजे शिक्का बघा.”

काका तीन सकाळी जाऊन बसले. टिटवी दिसली, धोबी पक्षी दिसला, खंड्या दिसला. गवतात पान हललं नाही असं नव्हे, पण कुठल्या पानाकडे बघायचं ते सांगणारं बोट नव्हतं. वटवट्या काही वाजला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं आणि सही केली. त्यांना वाटलं, गेला. तोही गेला. घरी येऊन जेवले नाहीत.

आठवडाभर त्यांचं उतरलेलं तोंड बघून काकू वैतागल्या. “चला, उद्या मी येते. काय एवढं पुरलंय तिथे, बघू तरी एकदा.”

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या आल्या. चटई, तांब्या, शाल, सगळा संसार घेऊन आल्या. “बसायला दगड, आणि म्हणे छंद!” पाच मिनिटं झाली. “कुठेयत तुमचे पक्षी? झोपलेत का?” आणखी पाच मिनिटं झाली. मग म्हणाल्या, “अहो, ती मोटार कसली किरकिरतेय? मगापासून डोकं उठवलंय.”

“कसली मोटार?”

“ही काय! बारीक, सुई घासल्यासारखी. थांबली. हां, आता परत सुरू.”

“कुठे?”

काकूंनी बोट दाखवलं. काकांनी दुर्बीण लावली. गवताच्या एका काडीवर वटवट्या बसला होता. चोच उघडी, गळा थरथरत होता, शेपटीसुद्धा हलत होती. एवढासा जीव अंगातलं सगळं बळ लावून ओरडत होता, आणि काकांच्या कानात काही म्हणजे काहीच नव्हतं.

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. “अजून वाजतोय?”

“अहो, वाजतोय म्हणजे काय, कान फाटायची वेळ आलीय.” आणि मग काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि पुढचं वाक्य गिळलं.

दोघं तसेच नगरपालिकेत गेले. दहाला दार उघडलं. ओव्हरसियर दौऱ्यावर होते. खिडकीतल्या क्लार्कने मान वर न करताच विचारलं, “काय काम?”

“तो फॉर्म परत द्या. चुकलाय. तिथे पक्षी आहे.”

“कागद वर गेला की गेला, काका. तो काय पक्षी आहे, परत यायला?” क्लार्क स्वतःच्याच विनोदावर हसला. “आणि तुमचीच तर सही आहे. मग तेव्हा नव्हता का?”

“होता. मला ऐकू आला नाही.”

“काय?”

“ऐकू येत नाही मला!” काका ओरडले. “कान गेलेत माझे!”

सगळ्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. क्लार्कचं हसू मावळलं. हळू आवाजात तो म्हणाला, “काका, ट्रॅक्टर आज साडेनवालाच सुटलाय.” काकांना तेही ऐकू गेलं नाही. काकूंनी हाताला धरून बाहेर आणून सांगितलं, तेव्हा कळलं.

ते पोचले तोवर अर्ध्याहून जास्त गवत आडवं झालं होतं. काकूंनी ती काडी होती तिकडे बघितलं. तिथे चाकाचा माग होता. काका हात पसरून ट्रॅक्टरपुढे उभे राहिले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

“काय झालं, मालक?”

“पक्षी आहे यात. वटवट्या.”

“मग ऐकवा की. वाजत असेल तर मी कशाला पाप घेऊ? पण मला नका विचारू, वीस वर्षं ह्या धुडावर बसून माझ्या कानांचा भुगा झालाय.”

काकांनी काकूंकडे बघितलं. काकू मान तिरकी करून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “वाजतोय ना. तो काय, तिकडे.” त्यांनी उरलेल्या पट्ट्याकडे बोट केलं.

त्या बोटाच्या दिशेने काकांनी दुर्बीण नेली नाही. बायकोचा चेहरा वाचायला त्यांना दुर्बीण लागत नव्हती.

“बाईमाणूस खोटं कशाला बोलेल?” म्हणत ड्रायव्हरने ट्रॅक्टर वळवला. “साहेबांना सांगतो, एवढं ठेवलंय म्हणून.”

दुसऱ्या सकाळी दोघं परत गेले, तिसऱ्या सकाळीही गेले. काकू चटईवर बसायच्या, पदर कानामागे सारायच्या आणि ऐकायच्या. काका गवताकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघायचे.

सहाव्या दिवशी काकू म्हणाल्या, जरा मोठ्याने, त्यांच्याकडे तोंड करून, “अहो, नाही वाजत.”

“हं.”

“त्या दिवशीही नव्हता वाजत.”

“माहितेय.”

“मग बोलला का नाहीत?”

ऊन वर आलं होतं, दुकान उघडायची वेळ कधीच टळून गेली होती. काकू चटई गुंडाळायला उठल्या, तर त्यांनी चटईचं टोक धरून ठेवलं.

“बस गं आणखी जरा,” ते म्हणाले. “ऐक.”