बेटावरच्या आत्याचा हुंकार

आमच्या बेटावरच्या आत्याला गोष्ट वाचून दाखवायची म्हणजे घाम फुटायचा. ती डोळे मिटून ऐकायची आणि दर वाक्या-दोन वाक्यांना ‘हं’ म्हणायची. हा हुंकार थांबला की ते पान गेलं, मग ते तिचं असो नाहीतर दुसऱ्याचं. माझी पहिलीवहिली कथा ऐकवली तेव्हा तो तिसऱ्याच वाक्याला थांबला. मी मान वर करून पाहिलं, तर आत्या शेंगा फोडत होती. पुढं काय झालं हे तिनं विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता मलाही आठवत नाही.

ती माझ्या वडिलांची चुलत बहीण. तिचे वडील, म्हणजे आबा, कराडजवळच्या साखर कारखान्यात कामगार होते. तिथले एक साहेब त्रिनिदाद बेटावरच्या कारखान्यात गेले, त्यांनी आबांनाही बायको-पोरीसकट नेलं. आत्या तिथंच उसाच्या फडात वाढली आणि पुढं इंग्रजीत अद्भुत कादंबऱ्या लिहू लागली. दुसऱ्या ग्रहावर ऊस लावायला नेलेली माणसं, समुद्राच्या तळातून बोलणारी आजी, असलं सगळं. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक गोष्ट ती आधी त्यांना मराठीत सांगायची आणि आबा हुंकार द्यायचे. तिथली शेजारीण गोष्टीआधी ‘क्रिक?’ विचारायची आणि पोरं ‘क्रॅक’ म्हणायची. “तिकडं क्रॅक, हिकडं हं. ऐकणारा जागा पायजे, येवढंच,” आत्या म्हणायची.

तिच्या पुस्तकांतली माणसं बेटावरच्या मजुरांसारखीच बोलत. भविष्यातली माणसं अशी बोलणार नाहीत, असं म्हणून संपादक लिखाण परत पाठवत राहिले. ती ग्रंथालयात नोकरी करत तसंच लिहीत राहिली. पुढं बक्षिसं मिळाली, तेच संपादक हार घेऊन आले, पण तिचा राग गेला नव्हता. “भविष्यात काय समदी मास्तरच ऱ्हाणार व्हय रं?” असं ती मला विचारायची. मास्तर मीच, कराडच्या कॉलेजात मराठी शिकवणारा.

हिवाळ्यात ती आमच्याकडं यायची. तिचं मराठी आबांचं होतं, जसंच्या तसं. ती ‘आमी’, ‘तुमी’, ‘लय’ करत ओट्यावर बसायची आणि मी शेजारी छापील मराठी बोलायचो. परदेशातून नक्की कोण आलंय, असा प्रश्न येणाऱ्याजाणाऱ्याला पडायचा. माझा चुलतभाऊ बापू पक्का शेतकरी. त्यानं एकदा विचारलं, “आवं आत्या, त्या ग्रहावर पाणी हाय का पण?”

“न्हाई,” आत्या म्हणाली. “म्हणून तर गोष्ट हाय.”

तिची ती ग्रहावरच्या उसाची कादंबरी मराठीत आणायचं मी मोठ्या रुबाबात अंगावर घेतलं. ‘अथांग अवकाशाच्या निबिड तिमिरातून ते महाकाय यान मार्गक्रमण करीत होते,’ असं सुरुवातीचं वाक्य वाचलं आणि कौतुकाची वाट पाहत थांबलो. हुंकार आलाच नाही.

“मास्तर, ह्या यानात आमच्या आबांना कुणी बसू दिलं असतं का?” ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, “येक पुस्तक तरी त्यांना कळंल असं होऊ दे. ते न्हाईत, पण होऊ दे.”

मला फार लाज वाटली. जे बोलणं शाळेत छड्या खाऊन सोडलं होतं, ते पन्नाशीत पुन्हा शिकायला बापूकडं जाऊ लागलो. ‘लय इस्त्री मारतोस’ म्हणून तोही हसायचा.

गेल्या हिवाळ्यात आत्या आजारी पडली, आली नाही. मी रोज संध्याकाळी फोनवर वाचायचो, तेव्हा तिकडं सकाळ असायची. हळूहळू तिचं बोलणं संपलं, ‘हं’ तेवढं राहिलं. त्या ‘हं’साठी मी दिवसभर घासूनपुसून वाक्यं तयार ठेवायचो. मला घाई झाली होती, तिच्यादेखत पुस्तक पुरं व्हायला हवं होतं.

शेवटचं पान आलं. यान उतरतं, त्यातला एक म्हातारा मजूर खाली वाकून त्या कोरड्या मातीत उसाची पहिली कांडी पुरतो आणि म्हणतो, “बघू, हिला ही माती मानवती का.” हुंकार आला नाही. सवयीनं मी म्हणालो, “बरं आत्या, जमलं नाही. खोडतो हे.” आणि खरोखरच पेननं काट मारली. मग तिची मुलगी फोनवर आली. तिला मराठी येत नाही, पण तिच्या रडण्यावरून मला कळलं.

पुस्तक आता छापून आलंय. तिच्या नियमानं ते पान जायला हवं होतं. बापू म्हणाला, ठेव. मी ठेवलं. आत्या नसताना तिचं ऐकायचं नाही, एवढं धाडस मला नव्यानंच आलंय. पण त्या पानाचा हुंकार अजून यायचा राहिलाय. तुम्ही तिथवर पोचलात, तर माझ्या मराठीची भीड न धरता, तिच्यासाठी म्हणून, तेवढं एक ‘हं’ म्हणा.