मंजुळाबाई आणि लोफोटेनच्या वलांड्या

वर्सोव्याच्या मंजुळाबाईंनी मरोळच्या बाजारात एकोणचाळीस वर्षं सुकी मासळी विकली, आणि त्यातली शेवटची चार वर्षं त्यांना त्या मासळीचा वासच येत नव्हता. एका तापात नाक गेलं ते गेलंच. मरोळच्या बाजारावरून जाणाऱ्या पुष्कळ लोकांना हे वरदान वाटलं असतं. मंजुळाबाईंच्या लेखी मात्र ते सोनाराचे डोळे जाण्यासारखं होतं, आणि सोनार जसं सांगणार नाही तसं त्यांनीही ते कुणाला सांगितलं नाही.

मग यंदा फेब्रुवारीत मानखुर्दच्या शांताबाई, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, वास मारणाऱ्या जवळ्याची पिशवी परत घेऊन आल्या. भांडल्या नाहीत. पिशवी फळीवर ठेवून एवढंच म्हणाल्या, "मंजुळे, आता तू पण?" भांडल्या असत्या तर मंजुळाबाईंनी त्यांना पुरून उरून दाखवलं असतं.

त्या रात्री त्यांनी घरी जाहीर केलं की गुडघे गेले, बाजारातली जागा शेजारच्या फळीवरच्या क्षमाला देऊन टाकते. मुलगा दिपेश म्हणाला, "झकास! कधीपासून सांगतोय." सून प्रियंका मुलुंडची, मोजकं बोलणारी. ती गुडघ्यांकडे बघत राहिली, कारण त्याच गुडघ्यांनी सासूबाई सकाळी तीन मजले चढून आल्या होत्या. क्षमाला पक्कं उत्तर द्यायचं होतं नॉर्वेहून आल्यावर, सोमवारी.

नॉर्वे मध्येच आलं ते दिपेशच्या नोकरीमुळे. तो अंधेरीत जहाजांच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर करतो. कंपनीने त्याला तीन आठवड्यांसाठी ट्रॉम्सोला धाडलं, आणि नऊ वर्षांच्या पूर्वीला सुट्टी लागली म्हणून सगळं घरच मागून गेलं. तीन आठवडे मंजुळाबाईंनी खिडकीतून बर्फ पाहिला. निघायच्या दिवशी वाऱ्याने विमान रद्द झालं. पुढची चार तिकिटं मिळाली ती तीन दिवसांनंतरची, आणि पावणेतीनशे किलोमीटर दक्षिणेच्या विमानतळावरून. दिपेशने भाड्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली.

तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात आणि वळणाचा दिवा लावायची दांडी डाव्या हाताला असते. दिपेशचा उजवा हात अंधेरीतच राहिला होता. त्यामुळे प्रत्येक वळणावर दिवा न लागता वायपर फिरे. दोनशे किलोमीटर त्यांनी कोरडी काच पुसत काढले. एका चौकातल्या वर्तुळाला तीन फेऱ्या झाल्यावर पूर्वीने विचारलं, "पप्पा, आपण इथेच राहतोय का?" चौथ्या फेरीत जो रस्ता सापडला तो दिपेशने धरला. विमानतळाचं वळण मागे राहिलं, हे कळलं तेव्हा समुद्र दोन्ही बाजूंना होता.

"वाट लागली," दिपेश म्हणाला.

"तीन दिवस आहेत रे," प्रियंका म्हणाली. "आणि हे बघ तरी."

डोंगर जमिनीतून वर येतात, ही आपली समजूत. इथे ते सरळ समुद्रातूनच उठले होते, काळे, खड्या सुळक्यांचे, खांद्यावर बर्फ घेऊन, आणि त्यांच्या पायाशी लाल लाकडी घरं आपण चुकून इथे आलो अशा चेहऱ्याने उभी होती. आमच्या लोकांचं अप्रूप फोटो काढून संपतं. इथे फोन काढायचंही कोणाला सुचलं नाही. मग गाडीने तोंड उघडलं. बॅटरी संपत आली होती.

चार्जिंगची जागा मिळाली ती लोफोटेन बेटांवरच्या एका मच्छीमार गावात. गाडी भरायला तासभर लागणार होता. दिपेश यंत्राच्या सूचना वाचत बसला आणि मंजुळाबाई पाय मोकळे करायला घरांच्या मागे गेल्या.

गेल्या, आणि जागच्या जागी थांबल्या.

समोर वलांड्या होत्या. आपल्याकडे बोंबील वाळवायला बांबू रोवून दोऱ्या बांधतात, त्या वलांड्या. पण या कोणा राक्षसाच्या कुटुंबासाठी केल्यासारख्या होत्या. लाकडी वाशांच्या, दोन पुरुष उंचीच्या, डोंगराच्या पायथ्यापासून पार पाण्यापर्यंत ओळीवर ओळ. आणि प्रत्येक वाशावर मासे. हातभर लांब, डोकी नसलेले, शेपटीला शेपूट बांधून जोडीजोडीने टांगलेले. हजारो, कदाचित लाखभर. वाऱ्याबरोबर ते हलत आणि एकमेकांवर आपटून लाकडासारखे वाजत.

मंजुळाबाई आत शिरल्या. वर मासळीचं छत, बाजूला मासळीच्या भिंती, मधून बर्फाळ डोंगराचा तुकडा दिसतोय. देवळाच्या सभामंडपात शिरताना बाया चपला काढतात तसा त्यांचा हात आपोआप पायाकडे गेला. बूट दिसले तेव्हा त्या भानावर आल्या. चाळीस वर्षं त्यांना वाटत होतं की हा धंदा म्हणजे चार कोळीवाडे आणि दोन बाजार. दुनियेच्या या टोकाला, त्यांना न विचारता, कोणीतरी तोच करत होतं. आणि एवढा! आपण जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगतो, हे शेपटी बांधतात. फरक काय तो तेवढाच.

तेवढ्यात गालावर थेंब पडला. मग बर्फमिश्रित पाऊसच सुरू झाला.

"दिपेश! पाऊस! धाव रं!"

दिपेशने हे शब्द लहानपणी प्रत्येक अवकाळी ढगाला ऐकले होते. वाळत्या मासळीवर पाऊस म्हणजे माल कुजला. हातातला फोन टाकून तो धावला, काय वाचवायचंय हे न विचारता. मंजुळाबाई खालच्या वाशांवरून जोड्या ओढत होत्या, दिपेश वर चढला, पूर्वी झेलू लागली. मुलुंडच्या प्रियंकाने आपण परक्याची मासळी उतरवतोय हे एकदा सांगून पाहिलं, मग तीही गाडीची डिकी उघडून आली. पाच मिनिटांत तीस जोड्या डिकीत गेल्या.

मग मागून कोणीतरी इंग्रजीत, अतिशय सौजन्याने, विचारलं की पाहुण्यांना मासे विकत हवे आहेत का.

नारिंगी रबरी कोट घातलेला एक उंच म्हातारा उभा होता. दिपेशने वाशावरूनच खुलासा केला. म्हाताऱ्याने तो संपूर्ण ऐकला, आभाळाकडे पाहिलं, आणि म्हणाला की हे मासे तीन महिने इथेच असतात. पाऊस, बर्फ, वारा, सगळं अंगावर घेतात. त्यानेच ते तयार होतात. मीठ लावत नाहीत.

"मीठ नाय?" मंजुळाबाई म्हणाल्या. "आणि ऊन?"

"ऊन नको म्हणतो, आये," दिपेशने विचारून सांगितलं. " इथे थंडीच वाळवते."

मंजुळाबाईंनी वर पाहिलं. भर पावसात एक लाख मासे निवांत भिजत होते. आयुष्यभर ज्याच्या धाकाने आभाळाकडे बघत आलो, त्यालाच इथे कामाला ठेवलंय! त्यांना हसू आलं, आणि थोडं रडूही.

तीस जोड्या परत टांगायला अर्धा तास लागला. म्हाताऱ्याने गाठ दाखवली. मंजुळाबाईंची तिसरी गाठ बघून त्याने दिपेशला काहीतरी विचारलं आणि दिपेश म्हणाला, "हो, चाळीस वर्षं." तेव्हा म्हाताऱ्याने त्यांना शेडमध्ये नेलं. तिथे मोसमाचा पहिला माल निवडायला घेतला होता. त्याने एक मासा उचलला, मानेपाशी नाक नेलं, हुंगला, आणि धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला द्यावा तसा दोन्ही हातांनी मंजुळाबाईंपुढे धरला.

त्यांनी तो घेतला. नाकापर्यंत नेला. हुंगल्यासारखं करून मान हलवली असती तर भागलं असतं. चार वर्षं तेच तर चाललं होतं.

"दिपेश, याला सांग. मना वास येत नाय."

"काय?"

"चार वर्षं झाली. तापानंतर. गुडघ्यांना काय धाड भरलीये?"

म्हाताऱ्याला प्रियंकानेच इंग्रजीत सांगितलं, हळू आणि सरळ, आणि सांगताना सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला.

म्हातारा 'अरेरे' म्हणाला नाही. ढिगाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "मग कशाने निवडता?"

हा प्रश्न त्यांना कोणी केलाच नव्हता. त्यांनी स्वतःलाही नाही. मंजुळाबाई ढिगाशी बसल्या. अंगठा मानेपासून पाठीच्या कण्याने खाली नेत, पोटाच्या कडेला दाबत, त्यांनी मासे चाळायला घेतले. बऱ्याच वेळाने तीन बाजूला काढले. "हे मेले आतून ओले हायेत."

म्हाताऱ्याने तिन्ही करवतीवर आडवे कापले. दोन कण्यापाशी गडद निघाले. तिसरा स्वच्छ, उत्तम. त्या तिसऱ्याकडे त्याने जरा दुःखाने पाहिलं, मग दोन बोटं वर केली. हे दोन्ही, तो म्हणाला, माझ्या नाकाखालून गेले होते.

मंजुळाबाई अंगठा बघत बसल्या, जणू आजच कोणी तो लावून दिला होता. "आणि जवळा?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "जवळ्याला अंगठा काय करणार?" मग म्हणाल्या, "क्षमाला लाव फोन."

मुंबईत संध्याकाळ होती. क्षमा फळीवरच होती. मंजुळाबाईंनी सगळं एका दमात सांगितलं.

"चार वर्षं?" क्षमा किंचाळली. शेडमधल्या सगळ्यांना ऐकू गेलं. "भवाने, रोज सकाळी 'हुंग गं, शिक जरा' म्हणून माझ्याकडून माल हुंगून घ्यायचीस! मी समजत होते मला शिकवतेय!"

"शिकलीस ना? मग? शांताबाईच्या दिवशी तू नव्हतीस, तिथे घोळ झाला. आता ऐक. जवळा, करंदी तू बघायची, तुझ्या-माझ्या दोघींची. बोंबील, सुरमई मी बघणार, दोघींची. चोरून नाय, सगळ्या बाजारासमोर."

"आणि जागा? मी ताडपत्री आणली ना गं नवी."

"ताडपत्री तुझ्या फळीवर घाल. सोमवारी येतंव मी. माझ्या जागेवर पाय पसरून बसली असशील तर आवर."