कुंपणाबाहेर न गेलेला छर्रा

बाबांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती मी रीतसर द्यायची ठरवली. तिथेच घोडं अडलं.

बाबा नागपूरच्या एका शाळेत एनसीसीचे शिक्षक होते. नेमबाजीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दोन वर्षांपूर्वी ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला आले, तेव्हा पिशवीत डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद होता. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. वर्षभर बरं दिसेल, पुढचं सांगता येत नाही. आमचं लांबट गार्डन बघून ते म्हणाले, "अरे, इथे टार्गेट लावता येईल की. डोळे आहेत तोवर एकदा नेम धरू दे मला."

दुकानदाराने माझं ओळखपत्र पाहिलं आणि एअर रायफल काउंटरवर ठेवली. मी लायसन्सचं विचारलं. "या ताकदीच्या रायफलला लागत नाही," तो म्हणाला. "स्वतःच्या जागेत मारा, छर्रा कुंपणाबाहेर जाऊ देऊ नका, मुलांच्या हाती लागू नये म्हणून कुलपात ठेवा." झालं, एवढंच. ज्याने रेशनकार्डावरचं आडनाव सुधारायला आठ झेरॉक्स जोडल्या, त्याचा यावर विश्वास बसणार कसा? शिवाय आमचा इथे कायम राहण्याचा अर्ज तोंडावर आला होता, आणि त्यात माणसाची वर्तणूक बघतात.

म्हणून मी पोलिसांना ईमेल केला. परवानगी लागत नाही, असं उत्तर आलं. लागत नाही हे लेखी द्याल का, असं मी विचारलं. आधीचा ईमेल लेखीच होता, असं त्यांनी अत्यंत सभ्यपणे कळवलं. मग मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला लिहिलं. तिकडे बाबांनी दोन दिवसांत शेडमधल्या जाड लाकडी खोक्यात वाळू भरून त्यावर टार्गेटचं कार्ड चिकटवलं होतं. रोज सकाळी ते शेडमध्ये जाऊन खोकं बघून यायचे, आणि मी इनबॉक्स.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. बाबांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत कुंपणावरूनच त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि ते खूश होऊन म्हणाले होते, "मलाही बोलवा बघायला." एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी संमतिपत्र टाइप केलं. दोन प्रती, खाली साक्षीदाराची जागा. ते वाचता वाचता त्यांचा चेहरा पडला. "सही कशाला? काही धोका आहे का?" त्यांनी कागद आपल्या मुलीला दाखवला. मुलीचा ईमेल आला: हे जरा थांबवता येईल का?

त्यांच्या सहीची कायद्याला काहीच गरज नव्हती. हे मला पाठ होतं. तरी मी थांबवलं.

"पोलीस अलाउड म्हणतायत, कौन्सिल नो ऑब्जेक्शन म्हणतंय," बायको भडकली. "ऑब्जेक्शन फक्त तुझं आहे. बाबांकडे किती टाइम आहे, माहितीये ना तुला?"

माहीत होतं. मी बाबांना म्हटलं, "अर्जाचं एकदा होऊ द्या, मग पुढच्या उन्हाळ्यात निवांत." ते "बरं" म्हणाले. रायफल पुसून त्यांनी पेटीत ठेवली, मी कुलूप लावलं. जाताना एअरपोर्टवर त्यांनी विषयही काढला नाही. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

कायम राहण्याची परवानगी आली. रायफलबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. मी लगेच फोन केला, "बाबा, तिकीट काढतो."

"नको रे," ते म्हणाले. "मधला ठिपका दिसत नाही आता. कडा दिसतात तेवढ्या."

परवा शेड आवरताना ते खोकं सापडलं. कायदा मी अगदी तंतोतंत पाळला होता, आमच्या कुंपणाबाहेर एकही छर्रा गेला नाही. कार्ड सोडवून उजेडात धरलं. त्याला एकही भोक नव्हतं, आणि मला माझी लाज वाटली.