बापानं मला दिलेली बांधी

चौथी पास झाले आणि बापानं मला शाळेतून काढलं. आई मजुरीला जायची, धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नव्हतं. म्हातारपणी बापाला त्याची टोचणी लागली असावी. तालुक्याला, चिमूरच्या रजिस्ट्री कचेरीत जाऊन त्यानं एक बांधी, म्हणजे धानाचं शेत, माझ्या नावानं बक्षीसपत्र करून दिली. मी सासरी, म्हणून बांधी भाऊच कसायचा आणि धानाचा वाटा मला पोचवायचा. बांधावरच्या मोहाची फुलं मात्र मी स्वतः वेचायला जायची.

गेल्या चैत्रात टोपलं आणि झाडू घेऊन गेले. फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा काढावा लागतो. ज्याचं झाड, त्यानंच ते करायचं. दुसरं कोणी हात लावत नाही. बघते तर जागा आधीच झाडलेली. बांधीभोवती सिमेंटचे खांब आणि काटेरी तार. आत खुर्ची टाकून एक अनोळखी राखणदार बसलेला.

"मावशी, इथी नोका येऊ. नागपूरच्या शेठची जागा आहे. रिसॉर्ट होऊन राह्यलं."

"शेठले कोणं देल्ली?"

"मालकीणबाईनं. सोता आली होती हद्द दाखवाले. कोपरान् कोपरा पाठ होता तिले."

"मालकीण मी आहो."

तो हसला. "तुम्ही कायच्या? त्या बाईच्या एका डोळ्यात फूल हाय."

एका डोळ्यात फूल पडलेली, बुबुळावर पांढरा डाग असलेली बाई आमच्या घरात एकच आहे. माझी वहिनी.

मी टोपलं तिथंच टाकलं आणि भावाच्या घरी गेले. भाऊ घरापुढच्या छपरीत बसला होता. मला बघून त्यानं मान खाली घातली. वहिनीनं घातली नाही. तिनं चहा आणला.

"घ्या बाई."

"माही बांधी तू इकली?"

"इकली."

"रजिस्ट्रीले माह्या जागी कोण बसलं?"

"मीच बसली. डोक्यावरून पदर घेतला, फोटो काढला, अंगठा देल्ला. बापाचं नाव इचारलं, मामाजीचं सांगितलं." सासऱ्याला ती मामाजीच म्हणायची. "खोटं काय सांगितलं? मले ते बापच होते."

मला वाटलं होतं, ती रडेल, पाया पडेल, निदान नाकारेल तरी. ती उलट माझ्यावरच चढली.

"जनमभर त्या चिखलात रोवणं म्या केलं. माह्या पायाले कुये पडले, बोटं सडली. तुम्ही यायच्या टोपलं घेऊन, मोहं येचाले. मंग मालकीण कोण?"

"बापानं मले देल्ली."

"बापानं देल्ली, पण वाकलं कोण?"

वाकली तीच, ते खरं. पण चोरी ती चोरी. मी भावाकडे वळले.

"तू काऊन नाई इचारलं मले?"

वहिनीच बोलली, "इचारलं असतं तं तुम्ही नाई म्हटलं असतं."

"हो, नाईच म्हटलं असतं."

मग मला सुचलं. रजिस्ट्रीला तर साक्षीदार लागतात. कोणीतरी ओळख पटवावी लागते.

"हिची ओळख कोणं देल्ली?"

भाऊ उठून जायला लागला. वहिनी त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "यायनंच देल्ली. सायबानं इचारलं, ही तुमची कोण? तं म्हणाले, माही बहीण."

मी चहा खाली ठेवला. हा संसाराला लागल्यापासून ज्या बाईजवळ निजला, तिला चार माणसांत बहीण म्हणाला. आणि सही केली. मी त्याचं ढुंगण धुतलं आहे, त्याच्यापायी माझी पाटी सुटली. शेत गेल्याचं ऐकून मी बसून बोलत होते. हे ऐकून उठले आणि त्याची वाट अडवली.

"जीभ कशी रेटली तुही?"

"बाई, तेवढंच बोलाचं होतं," तो म्हणाला.

तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले. नातेवाईक मागोमाग आले. घरातली गोष्ट घरात ठेवा, भाची लग्नाची आहे, वहिनीचं वय झालं, सगळं सांगून झालं. वहिनीचं मलाही वाईट वाटलं. ती निदान त्या चिखलात उभी राहिली होती आणि माझ्या तोंडावर खरं बोलली. मी शिपायाला विचारलं, "वहिनीचं नाव वगळून फक्त भावाचं लिवता येते का?"

"नाई आजी. अंगठा तर तिचाच आहे."

मी बाक त्याच्या टेबलाजवळ ओढला. मग म्हटलं, "दोघायचंबी लिवा."