राजाची अडीच घरं

खानदेशातून पुण्याच्या स्पर्धेला एकच माणूस जाणार होता. शेवटचा डाव जळगावात, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. धुळ्याचे एक वकील आणि मी. पांढरी मोहरी त्यांच्याकडे. काळ्यांनी मी सिसिलियन बचाव मांडला, वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं पहिल्याच चालीला दोन घरं. कॉलेजातल्या एका इंग्रजी पुस्तकावरून तो बचाव मी पाठ केला होता. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच.

वडील असोद्याहून डाव बघायला आले होते. बुद्धिबळ मला त्यांनीच शिकवलं, पण देशी. देशीत राजाला पहिला शह बसेपर्यंत एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. ही स्पर्धा नव्या नियमांची, तिच्यात उडी नव्हती. वकिलांना ते ठाऊक होतं.

तिसाव्या चालीच्या सुमारास त्यांचा राजा मधोमध अडकला. माझा वजीर आणि हत्ती आत शिरले होते, शह तेवढा द्यायचा राहिला होता. वकिलांनी तपकीर ओढली, राजा उचलला आणि अडीच घरं उडवून ठेवला. जन्माची सवय, हातच गेला.

"वकीलसाहेब, ही चाल नाही."

"अरे हो, चुकलं." ते हसले. "मग हत्ती हलवतो."

"हात राजाला लागलाय. राजाच हलवावा लागेल."

मागून कोणीतरी म्हणालं, "पदवीधर आहेत ते. वकिलाला कायदा शिकवताहेत."

राजाला एकच घर मोकळं होतं. दोन चालींत मात झाली. टाळ्या वाजल्या नाहीत.

जिन्यात वडील म्हणाले, "त्यानं चुकलो म्हटलं व्हतं. एक चाल दिली असती त तुह्यं काय गेलं असतं?"

"पुणं गेलं असतं, नाना. आणि हत्ती हलवला असता तरी ते हरलेच असते. चला, मांडून दाखवतो."

"राहू दे."

पुण्यात मी दुसऱ्याच फेरीत हरलो. घरी आलो तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, "तिथं कोनी उडी मारली का रे?"

पुढे ते पारावर कोणाशीही खेळत, माझ्याशी कधी बसले नाहीत. वकिलांचा हत्ती हलवून तो डाव मी कितीदा मांडला आहे. दर वेळी काळाच जिंकतो. पण दोन्ही बाजूंनी मलाच खेळावं लागतं.