फळ्याच्या कोपऱ्यातला x

शाळेत वीस वर्षं काढली की पर्समध्ये खडूचे तुकडे साचतात आणि डोक्यात किस्से. दोन्ही एकदा झटकायचं म्हणते, पण होत नाही. त्यात मी बोरीवलीत मराठी शाळेत सातवीला गणित शिकवते, म्हणजे बीजगणिताचा नारळ माझ्याच हातून फुटतो. यंदाच्या वर्गाचे किस्से तर मला झटकायचेच नाहीत. फार आठवतात ती पोरं!

*

पहिला तास. मी थाटात सुरुवात केली, "समजा, x ही एक संख्या आहे. ती आपल्याला शोधायची आहे."

मॉनिटर ओंकार उभा राहिला. "बाई, तुम्हाला माहितीये ना ती?"

"माहितीये."

"मग सांगून टाका ना! कशाला छळता?"

"खाली बस!" मी ओरडले.

*

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये माझी कुरकुर चालू होती. मराठी शिकवणाऱ्या सावंतबाई मालवणच्या. चहा फुंकत म्हणाल्या, "अगो, पोरां रोज फळ्याच्या कोपऱ्यात लिवतत, तां काय मगे?"

वाट लागली माझ्या बी.एड.ची! रोज सकाळी मॉनिटर कोपऱ्यात लिहितो, पट इतका, हजर इतके. पट म्हणजे वर्गात नाव असलेली सगळी, हजर म्हणजे आज आलेली. वीस वर्षं मी ते नुसतं पुसत आले होते.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात होतं: पट १४, हजर ११. मी खाली लिहिलं, ११ + x = १४. "गैरहजर म्हणजे x. सांगा, x किती?"

ओंकार ओरडला, "आदित्य, मयुरी आणि स्नेहल!"

"अरे, संख्या सांग!"

"नावं माहीत असताना संख्या कशाला सांगू बाई?"

तीन म्हणायला त्यानं पाच मिनिटं घेतली. पण त्या दिवसापासून कोपऱ्यात x रोज यायला लागला.

*

मग आलं 2x + 3. मी विचारलं, "यातला एक x पाचाचा आणि दुसरा सहाचा असला तर चालेल?"

"चालेल!" सगळा वर्ग.

तिसऱ्या बाकावरची सिद्धी उठली. ती मनोरीची. रोज सकाळी आईबरोबर बोटीनं यायची. आई बोरीवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि ही शाळेत. म्हणाली, "कसं चालंल बाई? आई दोन वाटं लावते, तर दोन्हींत बोंबील सारखंच पायजे. नायतर गिऱ्हाईक भांडंल!"

मी फळ्यावर लिहिलं, दोन वाटे आणि तीन सुटे, मिळून सतरा बोंबील. सगळा वर्ग एका सुरात, "एका वाट्यात सात!"

वीस वर्षांत मला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. त्या पोरीवर माझा जीवच जडला.

*

बरोबरच्या चिन्हापलीकडे गेलं की अधिकचं वजा होतं, हे ओंकारला पटेना. तो राहतो दहिसरला, मुंबईची हद्द संपते त्या चेकनाक्याजवळ. दोन दिवस तोंड पाडून बसला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कळलं बाई! चेकनाका आहे तो. पलीकडे गेलं की रिक्षा बदलावी लागते!"

झकास! माझ्या वर्गात त्या चिन्हाला आता सगळे नाकाच म्हणतात.

*

दिवाळीनंतर दाखले जायला लागले. कुणी विरारला घर घेतलं, कुणी इंग्रजी शाळेत गेलं. संस्थेचे सेक्रेटरी येऊन सांगून गेले, "पट दहाच्या खाली आला तर पुढच्या वर्षी हा वर्ग बंद." म्हणजे पोरं चार शाळांत पांगणार. पट दहावर येऊन थांबला. मी रोज देवाला हात जोडायचे.

आणि सिद्धीची आई आली. "राग नका मानू बाई. गुडघं गेलं माझं, आता बोरीवलीला येनं जमत नाय. पोरीला एकटी बोटीत कशी धाडू? तिकडंच शाळंत घालते."

मी दाखला तिच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ओंकारनं लिहिलं: पट ९, हजर ९, x = ०. खडू धरून तिथंच उभा. "बाई, हे चुकतंय. कोणीतरी नाहीये ना!"

"गणित बरोबर आहे," मी म्हटलं, आणि स्टाफरूममध्ये जाऊन रडले.

*

एप्रिलमधला शेवटचा दिवस. सेक्रेटरी वर्ग बंद करायचा कागद घेऊन आले. त्यांना घेऊन मी वर्गात शिरले, तर कोपऱ्यात लिहिलेलं: पट ९, हजर १०.

"बाई, मॉनिटरला साधं मोजता येत नाही?"

ओंकार ताडकन उठला. "बरोबर आहे सर. दहा अधिक x बरोबर नऊ. म्हणून x बरोबर मायनस एक!"

"मायनस एक गैरहजर? हे काय असतं?"

तिसऱ्या बाकावर सिद्धी बसली होती. अंगावर दुसऱ्याच शाळेचा युनिफॉर्म, टाय काढून मुठीत धरलेला.

सेक्रेटरींनी एकेका डोक्याकडे बोट करत स्वतः मोजलं. दहा. मग माझ्याकडे बघितलं.

मी खडू उचलला आणि फळ्याच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली.